पेठ-सुरगाण्याच्या जंगलात वणव्यापासून घुबडं वाचवायची तर नेमकं काय करावं?

तुम्ही विचारलंय: नाशिकची आठ-दहा जणं, सुट्टीच्या दिवशी मोकळी, पेठ-सुरगाण्याकडे रानपिंगळा (दुर्मिळ, छोटं घुबड) असेल असं ऐकलंय आणि दर उन्हाळ्यात तिथले डोंगर जळतात, मग रोपं लावावीत की पाण्याच्या टाक्या न्याव्यात? माझं उत्तर: दोन्ही राहू द्या. ढोलीची झाडं शोधा आणि त्यांच्या बुंध्याभोवतीचा पाचोळा काढा.

कॅलिफोर्नियातल्या ठिपकेदार घुबडांचे व्हिडिओ पाहून बरेच जण घाबरतात. तिथे सूचिपर्णी झाडांच्या शेंड्यांवरून आग पळते. २०१४ च्या किंग फायरसारख्या आगीत जुनं जंगल उभंच्या उभं जळालं आणि घुबडांना ठिकाणं सोडावी लागली. आपल्याकडच्या साग-सादड्याच्या पानगळी जंगलात आग जमिनीवरून जाते, पाचोळा आणि गवत खात. जिवंत, जाड सालीचं झाड सहसा तगतं. मरतात ती रोपटी, सरडे-सापसुरळ्या, आणि बुंध्याशी पोकळ झालेली म्हातारी झाडं. खाली भोक, वर ढोली, मध्ये पोकळ खोड म्हणजे आयतं धुराडंच. ठिणगी आत गेली की हवा खालून ओढली जाते आणि झाड दोन-तीन दिवस आतून धुमसून कोसळतं. घुबडाला स्वतःला ढोली कोरता येत नाही. नवी ढोली तयार व्हायला कित्येक दशकं लागतात, म्हणून आज लावलेल्या रोपाचा आजच्या पक्ष्याला काही उपयोग नाही.

रानपिंगळ्याच्या बाबतीत हे जास्तच लागू पडतं. १८७३ मध्ये पक्षीअभ्यासक ह्यूमने त्याचं वर्णन केलं. १८८४ नंतर खात्रीची एकही नोंद नव्हती. थेट नोव्हेंबर १९९७ मध्ये तो शहाद्याजवळ पुन्हा सापडला. त्यानंतर तोरणमाळ, यावल, मेळघाट, गुजरातेत डांगातलं पूर्णा अभयारण्य आणि २०१४ मध्ये ठाण्याकडचं तानसा इथून पक्क्या नोंदी आल्या. नकाशावर डांग आणि तानसा यांच्या मध्ये काय येतं ते बघा: सुरगाणा, पेठ, हरसूल. म्हणजे शोधायला जागा आहे. पण डोकं आणि पाठ जवळजवळ बिनठिपक्यांची, छातीवर गडद पट्टा, पोटाखालचा भाग पांढराशुभ्र, पंख-शेपटीवर ठळक पट्टे, हे सगळं फोटोत दिसल्याशिवाय नोंद धरू नका. साधा पिंगळा डोक्यावर ठिपक्यांनी भरलेला असतो. रानपिंगळा दिवसा वावरतो, सकाळी उन्हात शेंड्यावर बसलेला दिसतो. रात्री बॅटऱ्या घेऊन फिरण्यात अर्थ नाही. आणि तो नाहीच सापडला तरी काम वाया जात नाही, जंगली पिंगळा या वेगळ्या, नेहमी दिसणाऱ्या जातीलाही हीच झाडं लागतात.

आता काम. पाचोळा काढण्याआधी वनपरिक्षेत्र अधिकाऱ्याची लेखी परवानगी घ्या. गावाला सामूहिक वनहक्क मिळाला असेल तर ग्रामसभेशी आधी बोला. सर्वेक्षण नोव्हेंबर-डिसेंबरात करा. छातीच्या उंचीवर (१.३७ मीटर) १२० सेंमीच्या वर घेर असलेलं किंवा वठलेलं, ढोली असलेलं प्रत्येक झाड वहीत: जात, घेर, ढोलीची उंची, बुंध्याशी भोक आहे की नाही. झाडावर रंगाने आकडे घालू नका. घरटं कुठे आहे ते सगळ्यांना कळतं.

साग पानं टाकायला लागला की, साधारण जानेवारीअखेर, पहिली सफाई. दाताळं आणि खराटा पुरे. बुंध्यापासून दोन मीटर चहूबाजूंनी पाचोळा माती दिसेपर्यंत ओढायचा, उताराच्या खालच्या अंगाला तीन मीटर. सगळ्यात जास्त लक्ष वरच्या अंगाला द्या. पाचोळा गडगडत येऊन बुंध्याच्या तिथेच साचतो आणि खालून आलेली ज्वाळा खोडाला वळसा घालून त्याच बाजूला चाटते. जळक्या खुणा म्हणूनच चढाच्या बाजूला दिसतात. ओढलेल्या पाचोळ्याचा कडेला ढीग करू नका, पातळ पसरा. बुंध्याच्या भोकातला पाचोळा काठीने बाहेर काढा (हात घालू नका, साप असतो) आणि भोक ओल्या मातीने लिंपा. सिमेंट नको. घाणेरी (टणटणीचं झुडूप) असेल तर पाच मीटरपर्यंत मुळासकट उपटा, कारण तिच्यावरूनच आग वर चढते. दोघांना एका झाडाला पंधरा-वीस मिनिटं लागतात. वाऱ्याने वर्तुळ पुन्हा भरतं, म्हणून मार्चच्या सुरुवातीला दुसरी फेरी हवीच. बहुतेक गट इथेच ढेपाळतात. रानपिंगळ्याची वीण ऑक्टोबर ते मे, म्हणजे वणव्याच्या दिवसांतच पिल्लं ढोलीत असतात. पक्षी ओरडू लागला तर दाताळं उचला आणि निघा.

आग लागते कशाने, हेही बघा. मोहाची फुलं वेचायला झाडाखालचा पाचोळा पेटवतात. त्याऐवजी झाडाखाली जाळी किंवा जुन्या साड्या बांधल्या तर फुलं स्वच्छ मिळतात, हे वेचणाऱ्या बायकांना पटतं. एप्रिल-मेमध्ये राब भाजताना, म्हणजे भाताच्या रोपवाटिकेच्या जागेवर फांद्या-पाचोळा रचून जाळताना, ठिणग्या उतारावर जातात. वावराभोवती तीन मीटर पट्टा साफ करून, वारा पडलेला असताना पहाटे भाजा एवढंच सांगता येतं. पण खरं सांगायचं तर राबाची आग नव्हे, राबासाठी होणारी फांद्यांची छाटणी जास्त नडते. दरवर्षी बोडका केलेला सादडा ढोलीच्या वयाला पोचतच नाही. गादीवाफ्यावर भाताच्या तुसाची राख वापरून राबाशिवाय रोपं होतात. एखाद्या शेतकऱ्याच्या दोन गुंठ्यांत करून दाखवा, भाषण देऊ नका.

वणवा दिसला तर १९२६ वर वनविभागाला कळवा, जवळच्या शिवाराचं नाव आणि आग कोणत्या बाजूला सरकतेय ते सांगा. चढावर आगीच्या वर कधीही थांबू नका. जाळपट्टा (आगीच्या वाटेतला पट्टा आधीच जाळून टाकणं) किंवा उलटी आग (येणाऱ्या आगीसमोर आग लावणं) हे वनकर्मचाऱ्यांचं काम. तुमचं काम आग विझल्यावर सुरू होतं: वहीतलं प्रत्येक झाड तपासायचं. खोडातून धूर येत असेल तर नुसतं पाणी ओतून भागत नाही. आधी खालचं भोक चिखलाने बंद करा, मग पाठीवरच्या फवारणी पंपाने वरून पाणी सोडा, आणि दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी सकाळी पुन्हा जा. झाड वाकलेलं असेल तर त्याच्याखाली उभं राहू नका. कोसळलं, तरी ते मोळीसाठी उचललं जाऊ नये असं वनरक्षकाला सांगून ठेवा. पडलेल्या ओंडक्याखाली सरडे-सापसुरळ्या राहतात, आणि पिंगळ्याचं खाणं तेच.