दुकानात जाताना पेनड्राइव्ह न्या

प्रश्न : मुलगी बी.एस्सी. संगणकशास्त्राच्या दुसऱ्या वर्षाला आहे. तिला लिनक्स (विंडोजसारखी संगणकप्रणाली) चालवण्यासाठी लॅपटॉप हवा आहे. बजेट ३५ हजार. दुकानदार म्हणतात, थोडे पैसे वाढवा आणि हप्त्यावर नवा गेमिंग लॅपटॉप घ्या. तिचे वर्गमित्र म्हणतात, जुना थिंकपॅड घे. वापरलेल्या मालावर माझा भरवसा बसत नाही. काय करावं?
– एक पालक, संगमनेर

उत्तर : मी वर्गमित्रांच्या बाजूची आहे. पण तुमची शंकाही रास्त आहे, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

ड्रायव्हर म्हणजे वायफायसारखा एखादा भाग चालवणारा छोटा प्रोग्रॅम. लिनक्समध्ये बहुतेक ड्रायव्हर कर्नलमध्येच, म्हणजे प्रणालीच्या गाभ्यातच, असतात. नवी चिप बाजारात आली की तिचा ड्रायव्हर लिहिला जातो, त्यातल्या चुका निघतात आणि मग तो उबुंटू, डेबियनसारख्या वितरणांमधून (लिनक्सच्या तयार आवृत्त्यांमधून) आपल्यापर्यंत पोहोचतो. त्यात महिने जातात. त्यामुळे कालपरवा आलेल्या मॉडेलपेक्षा चार-सहा वर्षं जुनं मॉडेल लिनक्सवर बरेचदा जास्त निर्धास्त चालतं. २०१० साली मला हे ठाऊक नव्हतं. पगारातून साठवून मी चकचकीत नवा लॅपटॉप घेतला आणि त्यावर लिनक्स टाकलं. सगळं चाललं, फक्त वायफाय नाही. त्या चिपचा ड्रायव्हर कर्नलमध्ये नव्हता. दिवाणखान्यातून आतल्या खोलीपर्यंत केबल ओढून मी तीन महिने काम केलं. तेव्हापासून लॅपटॉपवरचं कंपनीचं नाव मी नंतर बघते, आतली वायफाय चिप कुठली हे आधी विचारते. इंटेलची असेल तर सहसा काळजी नसते.

गेमिंग लॅपटॉप नको. त्यात बहुतेकदा एनव्हिडियाचं वेगळं ग्राफिक्स कार्ड असतं. त्याचा ड्रायव्हर बाहेरून बसवावा लागतो, कर्नल बदलला की तोही त्याच्याशी जुळावा लागतो, आणि बॅटरी लवकर संपते. सी, पायथन, जावा, डेटाबेस या अभ्यासाला त्या कार्डाचा काही उपयोग नाही. हप्ते मात्र तुम्हाला भरावे लागतील.

आता थिंकपॅडबद्दल. हे नाव आयबीएमचं, १९९२ पासूनचं. २००५ मध्ये तो व्यवसाय लेनोवोकडे गेला. मोठी ऑफिसं हे लॅपटॉप घाऊक घेतात, काही वर्षांनी बदलतात, आणि तो माल मुंबईच्या लॅमिंग्टन रोडसारख्या बाजारांत येतो. त्यातलं २०१८ चं टी४८० मी तुमच्या मुलीसाठी निवडेन. रॅमसाठी दोन स्लॉट, दोन्हींतली रॅम काढता-घालता येते, म्हणजे आज ८ जीबी घेतली तरी उद्या वाढवता येते. नावात फक्त एक ‘एस’ जास्त असलेल्या टी४८०एसमध्ये काही रॅम बोर्डावरच सोल्डर केलेली असते. बिलावर मॉडेलचं नाव अक्षर न् अक्षर तपासा. टी४८० मध्ये बॅटऱ्या दोन : एक आत, दुसरी मागून काढता येणारी. बाहेरची थकली तर स्क्रूड्रायव्हरसुद्धा लागत नाही. याच मॉडेलच्या काही नगांत एनव्हिडियाचं कार्ड असतं, तो नग सोडा. पडदा १९२० बाय १०८० चाच मागा. १३६६ बाय ७६८ च्या पडद्यावर देवनागरीची जोडाक्षरं आणि रफार लहान अक्षरात धड वाचता येत नाहीत, आणि मुलीला तासन्‌तास त्यावर वाचायचं आहे.

दुकानात मुलीला बरोबर न्या. घरूनच एका पेनड्राइव्हवर लिनक्स मिंट किंवा उबुंटूची लाइव्ह प्रत (इन्स्टॉल न करता चालणारी) बनवून ठेवायला सांगा. लॅपटॉप सुरू होताना एफ१२ दाबलं की पेनड्राइव्हवरून चालू करता येतो, डिस्कला हात लागत नाही. फोनचा हॉटस्पॉट लावून वायफाय जोडा. एखादा व्हिडिओ लावून आवाज ऐका. माइकवर बोलून तेच परत ऐका, कॅमेरा उघडा. मग झाकण मिटा, दुकानदाराशी पाच मिनिटं बोला आणि पुन्हा उघडा. झोपलेला लॅपटॉप नीट जागा झाला पाहिजे, ही परीक्षा सगळ्यात महत्त्वाची. बॅटरीच्या माहितीत मूळ क्षमता आणि आजची क्षमता दोन्ही दिसतात. आजची निम्म्यावर आली असेल तर नव्या बॅटरीचे पैसे किमतीतून कमी करून घ्या.

लॅपटॉप सुरू होताना एफ१ दाबून बायोसमध्येही, म्हणजे त्याच्या मूळ सेटिंगमध्येही, जा. तिथे सुपरवायझर पासवर्ड मागितला तर तो लॅपटॉप घेऊ नका, कितीही स्वस्त असला तरी. ऑफिसने लावलेला तो पासवर्ड दुकानदाराला माहीत नसतो आणि तो काढणं सोपं नाही. टी४८० चार्ज होतो तो फक्त यूएसबी-सी मधून. ती दोन पोर्ट आहेत, दोन्हींत चार्जर लावून पाहा. त्यातल्या एका, थंडरबोल्ट नावाच्या पोर्टच्या जुन्या फर्मवेअरमध्ये (चिपमधल्या प्रोग्रॅममध्ये) दोष होता, लेनोवोने त्यासाठी अपडेट काढलं. ते झालंय का, हे घरी आल्यावर पहिल्याच दिवशी बघा. बोटाच्या ठशाचं सेन्सर लिनक्सवर सरळ चालत नाही, त्याच्यासाठी अडून बसू नका.

एवढं करूनही मन घेत नसेल तर नवा घ्या, पण इंटेल किंवा एएमडीचं अंगभूत ग्राफिक्स असलेला साधा. उबुंटूने तपासून प्रमाणित केलेल्या लॅपटॉपची यादी उबुंटू बनवणारी कॅनॉनिकल कंपनी प्रसिद्ध करते, तीत पूर्ण मॉडेल क्रमांक शोधा. ‘डॉसवाला आहे, म्हणजे लिनक्स चालणारच’ असं दुकानात सांगतात. डॉसवाला म्हणजे विंडोजचे पैसे घेतलेले नाहीत, इतकंच. वायफायची परीक्षा त्यालाही द्यावी लागेल.

प्रश्न : विंडोज १० ची अपडेट्स थांबली म्हणून जुन्या लॅपटॉपवर लिनक्स टाकायला घेतलं. पण इन्स्टॉल करताना डिस्कच दिसत नाही. डिस्क गेली का?
– एक वाचक, चिपळूण

उत्तर : विंडोज चालू होतंय ना? मग डिस्क शाबूत आहे. बायोसमध्ये स्टोरेजची पद्धत ‘रेड’ (RAID) किंवा ‘आरएसटी’ (RST) अशी असेल, म्हणून लिनक्सला डिस्क दिसत नसेल; ती ‘एएचसीआय’ (AHCI) करा. मात्र ती बदलल्यावर आहे ते विंडोज चालू होईलच असं नाही. म्हणून त्याआधी फोटो, कागदपत्रं, सगळं बाहेरच्या डिस्कवर उतरवून घ्या, आणि ती डिस्क दुसऱ्या संगणकावर उघडून फाइल्स खरोखर आल्यात का ते बघा. मगच बायोसला हात लावा.