पहिल्या वर्षाचा वर्ग : पद्धतीआधी सवयी

कला शाखेच्या पहिल्या वर्षाला अर्थशास्त्र शिकवताना, मराठी माध्यमाची, आश्रमशाळांतून आलेली मुले आणि एक दृष्टिहीन विद्यार्थी एकाच वर्गात असतील तर शिकवण्याची पद्धत कशी बदलावी, असे आपण विचारले आहे. बावीस वर्षे हाच विषय शिकवल्यावर मला वाटते की पद्धतीआधी आपल्या सवयी तपासाव्यात.

शिष्यवृत्तीच्या अर्जांत त्रुटी राहिलेल्यांची प्रवर्गासह यादी कार्यालयातून येते आणि आपण ती भर तासाला मोठ्याने वाचतो. मीही वाचत असे; पुढच्या बाकावरची एक मुलगी दुसऱ्या दिवसापासून मागे जाऊन बसू लागली, तेव्हा चूक उमगली. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०१२ च्या समतेविषयीच्या विनियमांनी वर्गात विद्यार्थ्यांची जात जाहीर करण्याला भेदभावच मानले आहे.

बारावीला ‘मागणीची लवचिकता’ नीट समजलेला मुलगा ‘इलॅस्टिसिटी’ ऐकून गप्प बसतो आणि आपण त्याला कच्चा ठरवतो, म्हणून दोन्ही संज्ञा तासाच्या आरंभीच फळ्यावर लिहाव्यात. मात्र मराठीत सांगितले की काम झाले, असेही नाही. नंदुरबारकडच्या पावरी किंवा भिली बोलणाऱ्या मुलांना आपली प्रमाण मराठीही शाळेतच शिकावी लागलेली असते. प्रश्न विचारल्यावर दोन मिनिटे शेजाऱ्याशी हव्या त्या भाषेत बोलू द्यावे, मग उत्तर मागावे.

दृष्टिहीन विद्यार्थ्याची खरी अडचण बहुधा आपल्या टिपणांतच असते. जुन्या, युनिकोड नसलेल्या फाँटमध्ये टंकलेली मराठी ‘एनव्हीडीए’सारख्या पडदावाचकाला (पडद्यावरचा मजकूर मोठ्याने वाचून दाखवणाऱ्या संगणक-प्रणालीला) निरर्थक अक्षरांसारखी दिसते, आणि पुस्तकाच्या पानांचे फोटो जोडून केलेली पीडीएफ तर त्याच्या लेखी कोरीच असते. टिपणे युनिकोडमध्ये द्यावीत. फळ्यावर बोट ठेवून ‘हा वक्र असा जातो’ म्हणण्याऐवजी ‘किंमत घटते तशी मागणी वाढते, म्हणून रेषा डावीकडून उजवीकडे खाली उतरते’ असे पूर्ण वाक्य बोलावे. त्याचा लाभ मागच्या बाकांनाही होतो. पुठ्ठ्यावर सुतळी चिकटवून केलेला मागणी वक्र मी अजून वापरतो.

परीक्षेत विद्यार्थी सांगेल तसे उत्तर लिहून देणाऱ्या लेखनिकासाठीचा अर्ज सत्राच्या सुरुवातीलाच करून घ्यावा. केंद्र सरकारच्या मार्गदर्शक सूचनांनुसार अशा विद्यार्थ्याला तासामागे किमान वीस मिनिटे जादा मिळतात, हे विद्यापीठाच्या परीक्षेत पाळले जाते. आपण वर्गात घेतो त्या चाळीस मिनिटांच्या चाचणीत मात्र ते कोणाच्याच लक्षात राहत नाही. तिथे ती जादा मिनिटे आपणच द्यायची असतात.