फाउंड्रीत सेन्सर बांधण्यापूर्वी
कोल्हापूरजवळच्या शिरोलीच्या औद्योगिक वसाहतीतील फाउंड्रीत तुम्ही अंगावर बांधायच्या सेन्सरने कामगारांच्या हालचाली प्रथमच मोजणार आहात, म्हणून आधी लोखंडाविषयी सांगतो. सेन्सरमधील त्वरणमापक (वेगातील बदल मोजणारा) आणि जायरोस्कोप (वळण्याचा वेग मोजणारा) यांना लोखंडाची बाधा होत नाही. मात्र दिशा ठरवणारा चुंबकमापक कास्टिंगच्या ढिगाजवळ फसतो, त्यामुळे कंबर डावी-उजवीकडे वळण्याचे आकडे, विशेषतः पूर्ण पाळीभर घेतलेले, डोळे झाकून स्वीकारू नयेत. पुढे वाकण्याचा कोन गुरुत्वाकर्षणाच्या आधारे तपासता येतो, त्यामुळे तो अधिक भरवशाचा असतो. कामातील शरीरस्थितीचा धोका ठरवण्याच्या 'रेबा' पद्धतीत त्यासाठी 20 आणि 60 अंश या सीमा धरल्या आहेत.

माझ्या पहिल्या मोजणीत पाठीवरचा पट्टा घामाने चार बोटे घसरला आणि ताठ उभा असलेला माणूस आलेखात वाकलेला दिसू लागला. तेव्हापासून चहाच्या प्रत्येक सुट्टीत मी कामगाराला दहा सेकंद भिंतीला टेकून उभे करतो आणि ताठ स्थितीत सेन्सर शून्य अंश दाखवतो का, हे पुन्हा पाहतो.

रिकामी साचापेटी आणि वाळूने भरलेली पेटी यांतील फरक सेन्सरला कळत नाही, तेव्हा वजने स्वतः वहीत टिपावीत. या आकड्यांवरून कोणाचाही पगार कापला जाणार नाही, हे व्यवस्थापनाकडून आधीच लेखी घ्यावे. अन्यथा पट्टा बांधलेला माणूस नेहमीसारखा वाकणारच नाही.