प्रदर्शनाला नेण्याआधी: पश्मी, कारवान आणि मालकांचे प्रश्न

मार्गशीर्ष वद्य चतुर्दशीला माळेगावच्या खंडोबाची यात्रा सुरू होते आणि जनावरांच्या बाजाराबरोबर तिथे कुत्र्यांचंही प्रदर्शन भरतं. त्यामुळे दिवाळी सरली की या सदराकडे येणाऱ्या पत्रांत गाई-म्हशी मागे पडतात आणि पश्मी-कारवान ही शिकारी कुत्री पुढे येतात. या वेळच्या पत्रांपैकी काही निवडून उत्तरं देत आहोत.

प्रश्न : माझा पश्मी नर चौदा महिन्यांचा आहे. यात्रेतल्या प्रदर्शनात उतरवायचा आहे. जाणकार सांगतात, दोन दिवस उपाशी ठेवा म्हणजे पोट आत जाईल, कंबर दिसेल. पाणीही कमी करा म्हणतात. ठेवू का? — एक वाचक, अहमदपूर

ठेवू नका. पाणी तोडणं तर त्याहून वाईट.

दोन दिवसांत चरबी उतरत नाही. उतरतं ते अंगातलं पाणी आणि आतड्यातला ऐवज. कातडी सैल पडते, डोळे खोल जातात, केसांची चमक जाते आणि कुत्रं चिडचिडं होतं. पंच पश्मीची कंबर बघतो तशी मांडीही चाचपून बघतो. उपाशी कुत्र्याची मांडी हाताला मऊ लागते, हे लपत नाही.

आधी कुत्रं खरंच जाड आहे का ते पाहा. डोळे मिटून बरगड्यांवरून तळहात फिरवा. आपला हात सपाट पसरून त्याच्या मागच्या बाजूची, बोटांच्या मुळाशी असलेली हाडं जशी हाताला लागतात, तशा बरगड्या लागल्या तर ठीक. दाबून शोधाव्या लागल्या तर वजन जास्त. या जातीत शेवटच्या दोन-तीन बरगड्या लांबून पुसट दिसणं नैसर्गिक आहे. मात्र पाठीच्या मणक्याची टोकं आणि माकडहाडाची धार वर आली असेल तर ती उपासमार. तिला कुणी ‘ड्राय बॉडी’ म्हटलं म्हणून ती शोभा ठरत नाही.

कंबर तयार होते ती तीन महिन्यांत. रोज पहाटे चाळीस-पन्नास मिनिटं दोरीवर झपझप चाल, आणि आठवड्यातून दोन-तीन दिवस नांगरट नसलेल्या, दगड नसलेल्या मातीवर मोकळं पळणं. डांबरावर पळवू नका. पंजाच्या गाद्या सोलतात.

आपल्याकडे खरा घोळ खुराकात असतो. दूध-भाकरीवर वाढलेलं कुत्रं पोटाने फुगतं आणि मांडीने वाळतं, कारण प्रथिनं कमी पडतात. शिवाय वाढ पुरी झालेल्या कुत्र्यांपैकी अनेकांना दूध पचत नाही, हगवण लागते. रोज पळणाऱ्या २४ किलोच्या कुत्र्याला दिवसाला साधारण १२०० ते १३५० कॅलरी लागतात. म्हणजे ३०० ते ३५० ग्रॅम शिजवलेलं बिनहाडाचं चिकन, एक-दोन उकडलेली अंडी आणि ज्वारीच्या दोन-अडीच भाकरी, दोन वेळा विभागून. बिनहाडाच्या खुराकात कॅल्शियम नसल्यासारखंच असतं, म्हणून अंड्याची टरफलं वाळवून, बारीक दळून चहाचा अर्धा चमचा रोज मिसळा. हे मोठ्या कुत्र्यासाठी. वाढत्या पिल्लाला कॅल्शियम डॉक्टरांना विचारूनच. कांदा, लसूण, मनुके, चॉकलेट देऊ नका. शिजवलेल्या हाडाची कपची होते आणि आतडं फाडते, तेव्हा तेही नको.

प्रदर्शनाच्या आदल्या रात्री नेहमीचं जेवण द्या. सकाळी रिंगमध्ये, म्हणजे पंचासमोरच्या रिंगणात, उतरण्याच्या चार तास आधी नेहमीच्या निम्मंच, आणि पाणी दिवसभर थोडं थोडं. छाती खोल असलेल्या जातींत भरपेट खाऊन लगेच पळवलं तर जठर फुगून पिळू शकतं. पोट टमटमीत, कुत्रं ओकायचा प्रयत्न करतं पण बाहेर काही येत नाही, बसतं-उठतं करतं. अशा वेळी घरगुती उपाय करत बसाल तर कुत्रं जाईल. शस्त्रक्रियेची सोय असलेला दवाखाना गाठायचा. परभणी आणि उदगीर इथे पशुवैद्यकीय महाविद्यालयं आहेत. प्रवासाला निघण्याआधी जवळच्या दवाखान्याचा फोन खिशात असू द्या.

प्रश्न : आमची कारवान मादी घरी शांत, पण ढोल आणि लाऊडस्पीकर ऐकला की थरथरते. गेल्या वेळी पट्ट्यातून डोकं काढून पळाली, दोन तास सापडली नाही. एकाने शांत राहायची गोळी सुचवली आहे. — एक वाचक, लोहा

दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि पट्ट्याची गोष्ट आधी. कारवान-पश्मीचं डोकं निमुळतं, मान डोक्याइतकी किंवा थोडी जास्तच जाड. साधा बकलचा पट्टा त्यामुळे मागे ओढताच कानांवरून सटकतो. मार्टिंगेल पट्टा घ्या: त्यात दोन कड्यांतून जाणारा छोटा फास असतो, कुत्रं मागे सरलं की तो मानेपुरता आवळतो आणि तिथेच थांबतो. घट्ट झाल्यावर दोन बोटं आत जावीत, पण पट्टा कानांच्या मागून पुढे सरकू नये. रुंदी दोन इंच तरी हवी. बारीक साखळी या पातळ कातडीला कापते. गर्दीत दोरीचं दुसरं टोक मनगटात गुंडाळू नका, मुठीत धरा. गळ्यात फोन नंबरचा बिल्ला हवाच.

गोळी देऊ नका. गुंगीच्या औषधाने रक्तदाब उतरतो, शरीराचं तापमान सांभाळण्याची ताकद कमी होते, आणि अंगात चरबी कमी असलेल्या या जातींत काही भुलीची-गुंगीची औषधं जास्त वेळ टिकतात. वरून कुत्रं शांत दिसतं, आतली भीती तशीच असते. काही औषधांनी तर दचकणं वाढतं आणि चावण्याआधीची गुरगुर हरवते. पंचाने दात बघायला जबडा उघडला आणि सूचना न देता दात लागले, की दोष कुत्र्यावर येतो.

मोबाइलवर ढोलाचा आवाज लावा, इतका हळू की ती खाणं थांबवणार नाही. आवाज सुरू असताना चिकनचे तुकडे, आवाज बंद की तुकडे बंद. रोज पाच मिनिटं, आवाज आठवड्याने एक पायरी वर. नंतर प्रत्यक्ष बँडपासून दोनशे पावलांवर उभं राहून तेच. सहा ते आठ आठवडे धरा. घाई केली तर मागच्या पायरीवर जावं लागतं.

आणि त्या दिवशी शेपूट पोटाखाली, कान मागे, सारखं ओठ चाटणं, झोप नसताना जांभया, आवडता तुकडाही नाकारणं, यातलं दोन-तीन एकत्र दिसलं तर प्रवेश फीवर पाणी सोडा आणि घरी या. फी भरली म्हणून कुत्र्याला रिंगमध्ये ओढत नेणारे मालक दरवर्षी दिसतात. त्या रिंगमधून कुत्रं शिकून येतं ते एवढंच, की मालकावर भरवसा ठेवायचा नाही.

प्रश्न : डॉबरमनच्या पिल्लाचे कान उभे आणि शेपूट आखूड नसेल तर प्रदर्शनात मार्क जातात का? गावातला एक जण घरीच कापून देतो. — एक वाचक, नांदेड

घरी कापणं म्हणजे बिनभुलीची चिरफाड. रक्तस्राव, पू आणि टोकाच्या मज्जातंतूची आयुष्यभराची दुखरी गाठ, हे सगळं त्यात येतं. आजारामुळे गरज नसेल तर कान-शेपूट कापण्यात कुत्र्याचा काडीचाही फायदा नाही, आणि प्राण्यांना क्रूरतेने वागवण्यास प्रतिबंध करणाऱ्या १९६०च्या कायद्याखाली असं करणारा आणि करवून घेणारा, दोघंही अडचणीत येऊ शकतात. लोंबते कान आणि लांब शेपूट असलेला डॉबरमन डॉबरमनच असतो. मार्क मिळवायचेत तर त्याची चाल सुधारा.

प्रश्न : छत्रपती संभाजीनगरला फेब्रुवारीअखेर प्रदर्शन आहे. हस्की न्यायचा आहे. एसी गाडी आहे, तरी उन्हाचं काय करावं? केस भादरले तर चालेल का? — एक वाचक, जालना

भादरू नका. हस्की हे थंड प्रदेशातलं कुत्रं. त्याच्या दुहेरी केसांतला बाहेरचा थर उन्हापासून आडोसा देतो. तो काढला की कातडी भाजते आणि केस पुन्हा नीट येतीलच असं नाही. आतली मऊ लोकर मात्र अंडरकोट रेकने, म्हणजे आतल्या केसांसाठीच्या लांब दात्यांच्या फणीने, विंचरून काढा.

एसी गाडीवर फार विसंबू नका. बाहेर २४ अंश असताना बंद गाडीत दहा मिनिटांत ३४ अंश होतं, अर्ध्या तासात ४२-४३. फेब्रुवारीअखेर आपल्याकडे दुपारी बाहेरच तीस-बत्तीसच्या वर असतं. ‘फक्त नंबर लावून येतो’ म्हणून गेलेला माणूस दहा मिनिटांत परतत नाही. तेव्हा गाडीत कुत्र्याजवळ एक माणूस कायम. जमिनीला हाताची उलटी बाजू सात सेकंद लावून बघा. चटका बसला तर कुत्र्याला तिथून चालवू नका.

कुत्र्याचं नेहमीचं तापमान साधारण ३८.३ ते ३९.२ अंश. गुदद्वारात लावायचा डिजिटल थर्मामीटर आणि थोडं व्हॅसलीन पिशवीत ठेवा. धाप थांबत नाही, जीभ लालभडक, लाळ चिकट, चाल डगमगती असं दिसलं की सावलीत आणा आणि नळाचं साधं पाणी पोट, जांघा, छाती, सगळ्या अंगावर ओतत राहा, वारा घाला. ओला टॉवेल अंगावर पांघरून ठेवू नका, तो गरम होऊन उष्णता कोंडतो. शुद्ध हरपली असेल तर तोंडात पाणी घालू नका. तापमान ३९.५ वर आलं की पाणी थांबवा, नाहीतर ते गरजेपेक्षा खाली जातं. कुत्रं उठून चालायला लागलं तरी दवाखान्यात न्यायचंच. उष्माघाताने मूत्रपिंड आणि रक्त गोठण्याची यंत्रणा बिघडते ते पुढच्या एक-दोन दिवसांत दिसतं.

मराठवाड्यात हस्की पाळावा का, हे तुम्ही विचारलेलं नाही. विचारलं असतं तर नको म्हटलं असतं.

प्रश्न : आमच्या पश्मी मादीला पहिलं बक्षीस मिळालं. अकरा महिन्यांची आहे, पहिल्यांदा माजावर आली आहे. पिल्लांसाठी पाच जणांनी आगाऊ रक्कम देऊ केली आहे. त्याच प्रदर्शनात जिंकलेला नर तिच्याच आईचा, पण आधीच्या वेताचा आहे. मेटिंग करावं का? — एक वाचक, चाकूर

रक्कम परत करा.

अकरा महिन्यांच्या मादीची स्वतःचीच वाढ पुरी झालेली नसते. पोटातल्या पिल्लांना आणि दुधाला लागणारं कॅल्शियम मग तिच्या अंगातून जातं. विण्यात अडचण, दूध कमी, कधी आकडी येते. कुत्र्यांच्या पैदास व विक्रीविषयीच्या २०१७च्या केंद्रीय नियमांत मादीचं किमान वय १८ महिने, कमाल ८ वर्षं आणि आयुष्यात जास्तीत जास्त ५ वेतं अशी मर्यादा आहे. पैदास करणाऱ्याला राज्य पशुकल्याण मंडळाकडे नोंदणी करावी लागते आणि ८ आठवड्यांच्या आतलं पिल्लू विकता येत नाही.

नर तिचा भाऊच झाला, बाप वेगळा असला तरी सावत्र. कप मिळालेल्या दोघांचं मेटिंग म्हणजे कपवाली पिल्लं, हा हिशेब आपल्या भागात या जातीची वाट लावतो आहे. सगळे जण जिंकलेल्या एकाच नराकडे जातात. तीन-चार पिढ्यांत पंचक्रोशीतल्या सगळ्या पिल्लांचा आजा एकच होतो, मग वेतात दोन-तीनच पिल्लं, त्यातलं एखादं अशक्त, नरांत एक वृषण न उतरलेलं, असं दिसू लागतं. पंचाला दोन मिनिटांत बांधा आणि चाल दिसते. रक्तातला दोष त्याला दिसत नाही.

पुढच्या-त्यापुढच्या माजाला, दीड-दोन वर्षांची झाल्यावर विचार करा. तोवर वही घाला: मादीचा फोटो, जन्मतारीख, आई-बाप, आजे-आज्या, कुणाच्या घरची. मायक्रोचिप बसवून तिचा पंधरा अंकी क्रमांक वहीत लिहा. नराकडची वहीही मागा. तीन पिढ्यांत दोन्हीकडे एकच नाव आलं तर सोडून द्या. मेटिंगआधी दोघांची ब्रुसेला तपासणी करा. हा रोग गर्भपात घडवतो आणि माणसालाही लागतो. आणि सध्या माज सुरू आहे तोवर, म्हणजे साधारण तीन आठवडे, तिला प्रदर्शनात नेऊ नका. एका मादीमुळे सगळ्या नरांची रिंग बिघडते.

प्रश्न : पश्मीचा वेग दाखवायला मैदानात ससा सोडतात. गैर आहे का? — एक वाचक, औसा

हो. रानससा १९७२च्या वन्यजीव संरक्षण कायद्याखाली संरक्षित आहे. पाळीव ससा सोडला तरी ती क्रूरताच. मोटरवर दोरी गुंडाळून पुढे कापडाची चिंधी पळवा, कुत्रं तितक्याच जोमाने धावतं. एकट्यालाच सोडा, दोन अनोळखी कुत्री शेवटी एकाच चिंधीवर तुटून पडतात.

प्रश्न : आमचे यजमान प्रदर्शनात हरले की तीन-तीन दिवस कुत्र्याशी बोलत नाहीत. परवा तर घरी आल्यावर त्याला दोरीने मारलं, म्हणे मुद्दाम शेपूट पाडली. त्यांना काय सांगू? — एक वाचक, उदगीर

ताई, हे उत्तर त्यांना वाचायला द्या.

साहेब, सकाळी पडलेल्या शेपटीची शिक्षा संध्याकाळी दिली तर कुत्र्याला तिचा संबंध लागत नाही. त्याला एवढंच कळतं, की प्रवासानंतर घरी आलं की मार बसतो. पुढच्या वेळी गाडी बघूनच त्याची शेपूट पडेल. म्हणजे जो दोष काढायला मारलंत तो तुम्हीच पक्का केलात.

शेपूट पडते बहुतेक वेळा दोरीमुळे. मालक घाबरलेला असतो, शो लीड, म्हणजे रिंगमध्ये वापरायची बारीक दोरी, गळ्याशी ताणून धरतो, कुत्र्याला धड श्वास घेता येत नाही. लीड सैल ठेवून अंगणात वीस पावलं जा-ये करा, वळताना तुकडा द्या. उभं करण्याचा सराव दिवसाला पाच मिनिटं, जास्त नको. दात दाखवायला घरातल्या वेगवेगळ्या माणसांना ओठ उचलू द्या, जबडा ओढू नका. कुणाला तरी मोबाइलवर चित्रीकरण करायला सांगा. आपला हात कुठे ताणला जातो ते दिसतं.

पंचाचा निकाल म्हणजे त्या दिवशी, त्या रिंगमधल्या कुत्र्यांत, त्या माणसाला जातीच्या वर्णनाशी कोण जास्त जुळतं वाटलं, एवढाच. वर्ग संपल्यावर शांतपणे जाऊन ‘काय कमी पडलं’ विचारा, बरेच पंच सांगतात. आणि राग आवरत नसेल तर वर्षभर कुत्र्याची दोरी दुसऱ्या कुणाच्या हाती द्या. ताई, घरात कुणी तयार असेल तर तुम्हीच घ्या.

प्रश्न : तीन महिन्यांच्या पिल्लाला नुसतं बघायला म्हणून सोबत नेलं तर? — एक वाचक, निलंगा

नको. पार्व्हो या जीवघेण्या हगवणीच्या लसीचे डोस सहा-आठ आठवड्यांपासून दर तीन-चार आठवड्यांनी, सोळा आठवड्यांचं होईपर्यंत चालतात. शेवटच्या डोसनंतर दोन आठवडे गेल्याशिवाय प्रदर्शनाच्या मातीवर पाय नको. हा विषाणू मातीत महिनोन् महिने टिकतो आणि तुमच्या चपलेवरूनही घरी येतो. मोठं कुत्रं नेऊन आलात तर चपला बाहेर काढा, एक भाग ब्लीच तीस भाग पाण्यात घालून त्यांचे तळ दहा मिनिटं भिजवा, मगच पिल्लाजवळ जा. मोठ्या कुत्र्याच्या कानांत, बोटांच्या बेचक्यांत आणि शेपटीखाली गोचीड शोधा. सापडला तर चिमट्याने कातडीलगत धरून सरळ ओढा. कपाशीवर फवारायचं औषध त्यावर चोळू नका, त्याने गोचिडाआधी कुत्रं मरतं.