पाइप निसटला त्या पहाटेपासून मोजा

प्रश्न (लातूरहून): तिसऱ्या मजल्यावरच्या फ्लॅटमध्ये नवीन वॉशिंग मशीन घेतलं. डीलरच्या माणसाने बसवताना मूळ पाइप पुरेना म्हणून दुसरा लांब पाइप लावला आणि त्याचे पैसे रोख घेतले, बिल दिलं नाही. चार महिन्यांनी पहाटे तो पाइप तोटीपासून निसटला. आमचं फर्निचर फुगलं, खालच्या काकूंच्या घरचं पीओपी आणि कपाट खराब झालं. त्यांना मी 45 हजार रुपये दिले. मशीन दुरुस्त करून मिळालं, निसटलेला पाइप सर्व्हिस सेंटरचा माणूस घेऊन गेला, पण बाकीच्या नुकसानीबद्दल कंपनी ‘प्रकरण वरिष्ठांकडे आहे’ एवढंच कळवते. या गोष्टीला 22 महिने झाले. आणखी किती वाट पाहावी?

उत्तर: एक दिवसही नाही. मशीन, गिझर, आरओ यांच्या गळतीबद्दल विचारणाऱ्या बहुतेकांचं घोडं इथेच अडतं. कंपनीच्या गोड उत्तरांवर विसंबून ते मुदत घालवून बसतात आणि मग माझ्याकडे येतात. तुमच्या हातात अजून दोन महिने आहेत, म्हणून आधी हेच सांगतो.

ग्राहक संरक्षण कायदा, 2019 च्या कलम 69 प्रमाणे तक्रारीचं कारण घडल्यापासून दोन वर्षांत ग्राहक आयोगात तक्रार दाखल व्हायला हवी. तुमच्या बाबतीत ते कारण त्या पहाटे घडलं. मशीन कधी घेतलं किंवा कंपनीचा शेवटचा ई-मेल कधी आला, यावर ही मुदत ठरत नाही. प्रत्येक ई-मेलने मुदत नव्याने सुरू होते असं तुम्ही धरून चालला असाल, तर ते डोक्यातून काढून टाका. नुसत्या पत्रव्यवहाराने मुदत वाढत नाही. समोरच्याने मुदतीचा मुद्दा काढला नाही तरी आयोगाने तो स्वतःहून तपासलाच पाहिजे, असं सर्वोच्च न्यायालयाने स्टेट बँक विरुद्ध बी. एस. अ‍ॅग्रिकल्चर इंडस्ट्रीज या 2009 च्या निकालात सांगितलं आहे. तो निकाल 1986 च्या जुन्या ग्राहक कायद्याच्या कलम 24-अ वरचा आहे, पण आजचं कलम 69 त्याच धर्तीचं आहे. पुरेसं कारण दाखवलं तर विलंब माफ होऊ शकतो, हे खरं. पण ‘कंपनी विचार करत होती म्हणून थांबलो’ हे कारण घेऊन मी आयोगापुढे उभा राहणार नाही, आणि तुम्हीही राहू नये.

वकिलाची नोटीस पाठवायची तर आजच पाठवा. ती सक्तीची नाही. तिच्या उत्तरासाठी तक्रार अडवून ठेवू नका.

आता मसुद्याबद्दल. ‘वॉरंटी पाळली नाही’ एवढ्यावरच तक्रार उभी करू नका. कायद्याच्या कलम 2(22) मध्ये उत्पादन-दायित्वासाठी, म्हणजे सदोष वस्तूमुळे किंवा तिच्या सेवेमुळे झालेल्या हानीच्या जबाबदारीसाठी, ‘हानी’ची व्याख्या आहे. उत्पादन सोडून इतर मालमत्तेचं नुकसान त्यात येतं, मात्र वॉरंटीच्या अटी मोडल्यामुळे झालेलं मालमत्तेचं नुकसान त्यातून वगळलेलं आहे. कंपनीचा वकील नेमका यावर बोट ठेवेल. म्हणून बसवण्याच्या कामातली त्रुटी, म्हणजे सदोष सेवा, हा मुख्य आधार घ्या आणि सेवा देणाऱ्यावर ही जबाबदारी टाकणारं कलम 85 मांडा. डीलर आणि कंपनी दोघांनाही सामनेवाले करा. लांब पाइप डीलरच्याच माणसाने लावला, हे सिद्ध झालं तर तुमची बाजू भक्कम होते. नाही झालं, तर ग्राहकाने स्वतः बदल केला असं सांगून दोघेही कलम 87 आडून सुटायचा प्रयत्न करतील.

आणि इथेच तुमचा निष्काळजीपणा आडवा येतो. पाइपचं बिल नाही. निसटलेला पाइप सर्व्हिस सेंटरचा माणूस घेऊन गेला, त्याची पोचही घेतली नाही. निकालाची किल्ली असलेली ती वस्तू तुम्ही हातची कशी जाऊ दिली, मला कळत नाही. आजच ई-मेल करून तो पाइप जपून ठेवण्याची आणि परत देण्याची लेखी मागणी करा. त्यांनी टाकून दिला असेल तर तेही लेखी येऊ द्या. मशीन बसवतानाचं जॉब शीट शोधा. त्या सकाळचे फोटो मूळ फोनमध्येच राहू द्या, कारण भारतीय साक्ष अधिनियमाच्या कलम 63 खालचं इलेक्ट्रॉनिक पुराव्याचं प्रमाणपत्र त्यासोबत लागेल. काकूंना दिलेल्या रकमेचा बँकेचा उतारा काढा. रोख दिली असेल तर त्यांच्याकडून आजच्या तारखेची पावती आणि प्रतिज्ञापत्र घ्या. मागची तारीख टाकू नका, तेवढ्यावरून सगळी तक्रार संशयात सापडेल.

कंपनी एक गोष्ट नक्की म्हणेल: तोटी उघडी का ठेवली? बहुतेक मशीनच्या पुस्तिकेत वापरानंतर नळ बंद करण्याची सूचना असते, तुमची पुस्तिका आधी वाचून घ्या. आपल्याकडे नळ रोज येत नाही. टाकी कोरडी पडली की तोटी उघडीच राहते आणि मध्यरात्री नळ आला, पंप सुरू झाला, की रिकाम्या लाइनमध्ये पाणी धक्क्याने येतं. पाइपचा तोटीवरचा जोड तेव्हाच सुटतो. तोटी उघडी राहिल्यामुळे भरपाई काही प्रमाणात कमी होऊ शकते, किती ते आयोगावर अवलंबून राहील. तुमच्या घरात आज तोटी बंद असते ना? बोअरच्या क्षाराच्या पाण्याने रबरी वॉशर कडक होतो, तोही पाहून घ्या. यापुढे जोड दिलेला पाइप लावू नका, हव्या त्या लांबीचा अखंड पाइप बिलासह घ्या.

गृहकर्जासोबत घराचा विमा उतरवलेला आहे का, तेही पाहा. भारत गृह रक्षा पॉलिसीत टाक्या, उपकरणं आणि पाइप फुटून किंवा वाहून झालेलं नुकसान येतं. पण विमा कंपनीला तात्काळ कळवावं लागतं, त्यामुळे आता फार आशा धरू नका.

तक्रार लातूरच्याच जिल्हा आयोगात करता येईल, तुम्ही तिथे राहता एवढं पुरेसं आहे. मशीनची किंमत 5 लाखांच्या आत असल्याने शुल्क नाही. ग्राहक तक्रारींच्या सरकारी ई-जागृती पोर्टलवरूनही दाखल करता येते. सामनेवाल्याला उत्तरासाठी 30 दिवस आणि वर फार तर 15 दिवस मिळतात. निकाल तीन महिन्यांत, तपासणी लागली तर पाच महिन्यांत द्यावा, असं कायदा म्हणतो. प्रत्यक्षात तारखांवर तारखा पडतात, पक्षकार थकून जातात, आणि याची मला मनापासून चीड आहे. तरीही दाखल केलेली तक्रार उशिरा का होईना ऐकली जाते. मुदत गेलेली तक्रार आयोग ऐकतच नाही.

दाखल झाल्यावर कंपनी बहुधा तडजोडीला येईल. ती आयोगापुढे, लेखी करा. पैसे खात्यात जमा होईपर्यंत तक्रार मागे घेऊ नका.