आधी प्ले काढा, मग लिफ्ट किटचं बघू

पाऊस तोंडावर आलाय त्यामुळं या वेळी जुन्या फोर बाय फोर, म्हणजे चारही चाकं ओढणाऱ्या गाड्यावाल्यांचेच प्रश्न जास्त आलेत. त्यातल्या बहुतेकांना गाडी उंच करायचीय, टायर मोठे टाकायचेत, बंपर बदलायचाय. करा की, पण गाडी आधी सरळ चालायला पाहिजे ना!

प्रश्न : नमस्कार सर. मी जुनी जिप्सी किंग घेतलीय, एमएच २० पासिंग, एमपीएफआय (इंजेक्शनवाली). इंजिन मस्त आहे पण ५५-६० च्या पुढं एखादा खड्डा लागला की हँडल असं थरथरायलंय की दोन्ही हातानं आवळून धरावं लागतंय, गाडी हळू केली की बंद. एक जण म्हणतो स्टिअरिंग डँपर (हँडलचे झटके दाबणारा शॉकअप) टाक. दुसरा म्हणतो दोन इंच लिफ्ट कर आणि २३५/७५ आर १५ टायर टाक, लूकबी येतोय अन् गाडी रोडला बसतीय. शेतात शेड आहे, पाने जॅक सगळं आहे, घरीच करायचा विचार आहे. आधी काय करू? (वाचक, पैठण)

उत्तर : दोघांनाही चहा पाजा आणि वाटेला लावा. पुढं दोन्ही चाकांना जोडणारा अख्खा अॅक्सल आणि पाटे (पट्ट्यांच्या स्प्रिंगा) असलेल्या गाडीत हा थरथराट येतो तो कुठंतरी प्ले, म्हणजे जोडात ढिलेपणा, झालाय म्हणून, नाहीतर चाकाचं बॅलन्सिंग गेलंय म्हणून. डँपर टाकला की महिना-दोन महिने बरं वाटतं, आत झिजणारं झिजतच राहतं आणि मग एक दिवस डँपरलाही आवरत नाही.

चाकं आधी बॅलन्स करून घ्या, ते स्वस्तातलं काम आहे. मग घरी बसून हे बघा. मागच्या चाकांना पुढून-मागून दगड लावा, पुढचं एक चाक उचला आणि अॅक्सलखाली स्टँड द्या. नुसत्या जॅकवर गाडी ठेवून खाली हात घालायचा नाही, आणि शेडमध्ये काळी माती असेल तर जॅकखाली जाड लाकडी फळी टाका, शहाबादी फरशी टाकू नका, ती कधी तडकेल सांगता येत नाही. आता टायर वरून आणि खालून धरून हलवा. हलतंय? मग घरातल्या कुणालातरी आत बसवून ब्रेक दाबून धरायला सांगा आणि परत हलवा. ब्रेक दाबल्यावर हलायचं थांबलं तर व्हील बेअरिंग ढिलं आहे, ते टाइट होतं किंवा बदलावं लागतं. ब्रेक दाबूनही हलतंय म्हणजे किंगपिनचं (चाक ज्यावर डावी-उजवीकडं वळतं त्या खुंटीचं) बेअरिंग गेलंय, आणि जिप्सीच्या थरथराटात बऱ्याचदा चोर तोच असतो. नंतर टायर डावी-उजवीकडून धरून हलवा, तिथं टाय रॉडचे (हँडलचं वळण चाकांपर्यंत नेणाऱ्या दांड्यांचे) एंड ढिले आहेत का ते कळतं. शेवटी गाडी खाली उतरवून एकाला हँडल थोडं थोडं इकडंतिकडं हलवायला लावा आणि तुम्ही खाली वाकून एकेका जॉइंटवर बोट ठेवत जा, डोळ्याला दिसत नाही तो प्ले बोटाला लगेच कळतो. इंजिन बंद ठेवूनच हे करा. पाट्यांचे बुश आणि शॅकल (पाटा चेसिसला टांगणारे दुवे) पण तेवढ्यात बघून घ्या, रबर फाटलेलं असलं तर अॅक्सलच जागेवर राहत नाही.

किंगपिन उघडायची वेळ आली तर खाली-वर ज्या शिम (पातळ चकत्या) निघतील त्या कुठल्या बाजूच्या ते लिहून ठेवा, मिसळू देऊ नका. बसवताना नकल (किंगपिनवर फिरणारा चाकाचा सांधा) फार सैल पण नको आणि फार जाम पण नको, किती ओढ लागली पाहिजे ते मॅन्युअलमध्ये असतं आणि स्प्रिंगचा वजनकाटा लावून घरीसुद्धा बघता येतं. नकलच्या आतलं ग्रीस पातळ होऊन टायरच्या आतल्या बाजूनं ओघळत असेल तर अॅक्सलचं आतलं ऑईल सील गेलंय, डिफरन्शियलचं (अॅक्सलच्या मधल्या गियरच्या गोळ्याचं) ऑईल ग्रीसमध्ये उतरायलंय. उघडलंच आहे तर तेही नवं टाकून घ्या, नाहीतर तेच काम दोनदा.

आता टायर. कंपनीचा २०५/७० आर १५ टायर साधारण ६६८ मिलिमीटर उंच, तुमचा मित्र सांगतोय तो ७३३ च्या पुढं. म्हणजे जवळपास १० टक्के वाढ. मीटरवर ६० दिसतील तेव्हा गाडी ६६ नं पळत असेल, आणि प्रत्येक गियर तेवढाच जड होणार, चढाला जिथं तिसरा चालायचा तिथं दुसरा पडेल, क्लच लवकर जाईल. वजनदार चाकानं किंगपिनचा प्ले अजून वाढणार. लिफ्टसाठी लांब शॅकल लावायचा स्वस्त जुगाड करतात, त्यानं पुढं कॅस्टर (किंगपिनचा मागं झुकलेला कोन) कमी होतो आणि हँडल सोडलं की सरळ यायचं विसरतं, शिवाय प्रॉपेलरचा (अॅक्सलला ताकद नेणाऱ्या लांब शाफ्टचा) कोन वाढून त्याचे क्रॉस (जॉइंट) झिजतात आणि ब्रेकचे होस ताणले जातात. अन् माझं विचाराल तर आपल्याकडच्या काळ्या मातीत रुंद टायर मिरवायलाच बरा, माती कमानीत भरून चाक अडतं. अरुंद टायर चिखल कापून खालच्या कडक थरापर्यंत जातो.

कायद्याचंही ऐका. मोटार वाहन कायदा १९८८ चं कलम ५२ म्हणतं की कंपनीनं दिलेल्या मूळ स्पेसिफिकेशनपासून आरसीतला तपशील वेगळा होईल असा बदल मालकाला करता येत नाही, आणि २०१९ मध्ये सुप्रीम कोर्टानंही तेच धरलंय. जुन्या गाडीला १५ वर्षांनंतर दर ५ वर्षांनी आरसी रिन्यू करायला आरटीओत न्यावंच लागतं, तिथं हे सगळं उघडं पडतं.

प्रश्न : आमची जुनी महिंद्रा एमएम ५५० आहे. मागच्या पावसात शेतातून निघताना फोर व्हील टाकली, वर डांबरीवर आलो आणि तसंच घरापर्यंत आणली. आता छोटा लिव्हर टू व्हीलला येईनाच, लई जोर लावला. मिस्त्री म्हणतोय ट्रान्सफर केस (ताकद पुढच्या-मागच्या अॅक्सलला वाटणारी पेटी) उघडावी लागंल. काय करावं? (वाचक, मानवत)

उत्तर : लिव्हरला पाइप लावून ओढलं नसेल अशी आशा करतो. उघडू नका अजून. या गाड्यांच्या ट्रान्सफर केसमध्ये पुढच्या आणि मागच्या अॅक्सलच्या फिरण्यातला फरक जिरवणारं मधलं डिफरन्शियल नसतं, फोर व्हील टाकली की दोन्ही प्रॉपेलर एकमेकांना बांधले जातात. वळणावर पुढची चाकं मागच्यांपेक्षा जास्त अंतर चालतात, चिखलात चाक थोडं घसरून तो फरक निघून जातो, डांबरावर घसरायला जागाच नाही. मग सगळा ताण पिळलेल्या सुतळीसारखा शाफ्ट आणि गियरमध्ये साठतो आणि लिव्हर आवळून बसतो. हँडल सरळ ठेवून रिव्हर्समध्ये दहा-पंधरा फूट मागं घ्या आणि क्लच दाबून लिव्हर हलक्या हातानं ओढा, बहुतेक वेळा टक् करून निघतो. नाही निघाला तर गाडी मातीवर नेऊन तेच करा, किंवा एक पुढचं चाक जॅकवर उचला, ताण सुटताना चाक स्वतःच थोडं फिरतं, तेव्हा हात लांब ठेवा.

दर वेळी असं व्हायलं तर चारही टायर बघा. पुढं नवे आणि मागं झिजलेले असतील तर सरळ रस्त्यावरही ताण चढतो. आणि डांबर आलं की फोर व्हील काढायची, मग घर कितीही जवळ असू दे.

प्रश्न : माझ्या सासऱ्यांची एमएम ५४० आहे, प्युजो इंजिनची. तीच मी शेतावर जायला वापरते. एप्रिल-मे मध्ये चढ आला की काटा लालवर जातो. गॅरेजवाल्यानं थर्मोस्टॅट (इंजिन तापेपर्यंत पाणी अडवणारी झडप) काढून टाकला, फरक नाही. पाणी रोज घालते, बोअरचं. (वाचक, उदगीर)

उत्तर : ताई, दुखणं तुमच्या शेवटच्या वाक्यात आहे. आपल्याकडच्या बोअरच्या पाण्यात क्षार भरपूर, चहाच्या पातेल्यात जो पांढरा थर बसतो तोच रेडिएटरच्या नळ्यांत आणि इंजिनच्या जॅकेटमध्ये (आतल्या पाणी फिरायच्या वाटांत) बसतो. मग पाणी फिरतं पण उष्णता सोडत नाही. रेडिएटर उतरवून चांगल्या दुकानात रॉडिंग (नळ्यांत सळई घालून सफाई) करून घ्या, इंजिनचं जॅकेट फ्लश करा आणि नंतर डिस्टिल्ड वॉटर आणि कूलंट निम्मं निम्मं. परत बोअरचं पाणी नको, अडचणीत घातलंच तर घरी येऊन बदला.

पण रोज पाणी घालावं लागतंय म्हणजे ते कुठंतरी जातंयही. सकाळी इंजिन एकदम गार असताना रेडिएटरची कॅप काढा, गाडी चालू करा आणि तोंडातून सारखे बुडबुडे येतात का बघा. येत असतील तर हेड गॅस्केट गेलंय, मग मिस्त्रीकडंच न्या. नसतील तर वॉटर पंपाखालचं भोक ओलं आहे का, होसच्या क्लिपा, हीटरची लाइन असलं बघत जा. कॅपचं रबर आणि स्प्रिंग पण बघा. त्या कॅपनं दाब धरला की पाणी १०० वर उकळत नाही, ०.९ बारची कॅप असली तर ११८ अंशाच्या आसपास जातं. ढिली कॅप असली तर हा सगळा फायदा गेला. गरम असताना ती उघडू नका, तोंड भाजतं.

थर्मोस्टॅट परत बसवा. तो काढला की इंजिन गरम व्हायला वेळ घेतं, डिझेल जास्त खातं, सिलेंडर झिजतात. आणि पंख्याभोवतीचं पत्र्याचं कडं (शराऊड) कुणी काढून ठेवलंय का बघा, काम करताना आडवं येतं म्हणून काढतात आणि शेडच्या कोपऱ्यात पडून राहतं. त्याच्याशिवाय पंखा रेडिएटरमधून हवा ओढतच नाही, तिथलीच हवा गोल फिरवतो.

प्रश्न : कार्बोरेटरची जुनी जिप्सी महिन्यातून एकदाच निघते. ई-२० (२० टक्के इथेनॉल मिसळलेल्या) पेट्रोलनं काही होईल का? (वाचक, अंबड)

उत्तर : ऊस आपलाच, इथेनॉल त्याचंच, तक्रार कुणाकडं करणार! इथेनॉलमध्ये पेट्रोलपेक्षा साधारण एक तृतीयांश कमी ऊर्जा असते, त्यामुळं २० टक्के मिसळलं की अॅव्हरेज थोडं उतरणारच. तुमच्या गाडीला खरा धोका रबराचा आहे. जुने पेट्रोल पाइप, पंपाचा डायफ्रॅम, कार्बोरेटरच्या सील फुगतात, मऊ पडतात. इथेनॉलला चालणारे पाइप टाकून घ्या, आतून भुगा होणारा पाइप जेटमध्ये अडकून डोकं खातो. दुसरं म्हणजे इथेनॉल हवेतला ओलावा ओढतं आणि बरेच दिवस उभ्या गाडीत पाणी खाली बसून टाकी गंजते. महिनाभर उभी राहणार असेल तर टाकी भरून ठेवा, आत हवेला जागा कमी, आणि मधूनमधून खरंच चालवा, नुसती जागेवर स्टार्ट करून बंद करू नका.

थोडक्यात

*पावसाळ्याआधी चेसिसला खालून जळकं ऑईल मारू का?* (वाचक, कळंब) नको. धूळ चिकटून लगदा होतो, पाट्यांचे रबर बुश फुगतात आणि ड्रममध्ये थेंब गेला तर ब्रेक गेले. चेसिसच्या भोकांत बसलेली काळी माती पाइप घालून धुऊन काढा, ती ओलावा धरून ठेवते आणि आतून सडवते. वाळल्यावर रस्ट प्रायमर, मग पेंट. चेसिस नंबरवर ग्राइंडर फिरवू नका, आरटीओत तो नीट दिसला नाही तर फार हेलपाटे होतात.

*गाडी नदीतून काढली, डिफमध्ये (डिफरन्शियलमध्ये) पाणी गेलं का कसं ओळखू?* (वाचक, गंगाखेड) तापलेला अॅक्सल गार पाण्यात बुडला की आतली हवा आकसते आणि सीलमधून, ब्रीदरमधून (अॅक्सलवरच्या हवेच्या भोकातून) पाणी ओढून घेते. गाडी रात्रभर उभी ठेवा, पाणी ऑईलखाली बसतं. सकाळी हलवायच्या आधी खालचा प्लग थोडासा ढिला करा, आधी जे थेंब येतील ते पाण्याचे आहेत का बघा. ऑईल दुधासारखं दिसलं तर सगळं काढून नवीन भरा, पुढच्या अॅक्सलचंही बघा, ते बहुतेक जण विसरतात. आणि ब्रीदरला रबरी नळी जोडून वर बॉनेटखाली नेऊन बांधा, एवढं मॉडिफिकेशन मात्र आजच करा.