ऐकणारे किती, सांगणारे किती

प्रिय मित्रा,

चळवळीचा पॉडकास्ट काढायचं ठरलंय आणि पहिल्या भागाला पाहुणा कोण आणावा, असं तू विचारलं आहेस. आधी हे ठरव की भाग ऐकून झाल्यावर ऐकणारा कुणाशी बोलायला जाणार आहे. पाऊण तास तुमचं ऐकायला जो आपणहून बसतो, तो बहुतेक वेळा आधीच निम्माअर्धा तुमच्याकडे झुकलेला असतो. विरोधक ऐकतो, पण चुका टिपायला. १९४० च्या अमेरिकी अध्यक्षीय निवडणुकीत समाजशास्त्रज्ञ पॉल लाझार्सफेल्ड आणि सहकाऱ्यांनी मतदारांचा अभ्यास केला. तेव्हा रेडिओ ऐन भरात होता, तरी ओळखीच्या माणसाच्या बोलण्याचं वजन त्याहून जास्त भरलं. त्या ओळखीच्या माणसाच्या तोंडी शब्द देणं, एवढंच तुझ्या कार्यक्रमाचं काम आहे आणि ते थोडं नाही.

म्हणून एका भागात एकच मुद्दा घे. रेकॉर्डिंगच्या आधी तो एका ओळीत लिहून काढ. कच्चा भाग चळवळीबाहेरच्या कुणाला तरी ऐकव आणि दुसऱ्या दिवशी त्याच्याच शब्दांत सांगायला लाव. त्याला जमलं नाही, तर भाग पुन्हा कापायला घे. न जमण्याची कारणं ठरलेली असतात: दोन-तीन मागण्या एकात कोंबलेल्या, समित्यांची आद्याक्षरी नावं आणि आतल्या भांडणांचे टोमणे, जे आतल्यांनाच कळतात.

श्रोत्याला करायला सांगायची गोष्टही एकच असावी, तारीख आणि ठिकाणासकट. ती शेवटावर ढकलू नकोस, कारण शेवटापर्यंत बरेच जण थांबत नाहीत. सगळ्यात जोरकस तुकडा संपला की तिथेच सांग आणि शेवटी पुन्हा एकदा सांग. नोंदणीची लिंक प्रत्येक भागासाठी वेगळी ठेवली, तर कुठल्या भागाने माणसं आणली ते कळतं.

आवाजाचं थोडक्यात: खोलीत पडदे आणि गाद्या असाव्यात, माइक तोंडापासून वीतभर अंतरावर असावा, प्रत्येकाचा आवाज वेगळ्या ट्रॅकवर घ्यावा आणि शेवटची पातळी उणे १६ एलयूएफएसच्या (आवाजाचा सरासरी मोठेपणा मोजण्याचं एकक) आसपास ठेवावी. यापुढे माइकच्या चर्चेत वेळ घालवू नये.

त्यापेक्षा जास्त वेळ प्रसिद्धीपूर्व वाचनाला दे. भाग ऐकून तपासू नकोस, त्याचा लिखित उतारा काढून वाच. ‘हो ना, मग कायदेच नकोत, ज्याला हवं ते त्याने करावं!’ हे वाक्य उपरोधाने म्हटलं, सगळे हसले, ऐकताना काही खटकलं नाही. कागदावर हसू उतरत नाही. दहा सेकंदांच्या क्लिपमध्येही ते कापलं जातं आणि उरतं ते तुमच्या तोंडचं विधान. उताऱ्यातलं प्रत्येक वाक्य एकटं उचलून वाच. जे एकटं उभं राहत नाही, ते काढ किंवा पुन्हा म्हण. मूळ ध्वनिफिती मात्र जपून ठेव, आरोप झाला की त्याच कामी येतात. तथ्याची चूक निघाली, तर मूळ भागातला तुकडा बदल आणि पुढच्या भागाच्या सुरुवातीलाच तसं सांग. गुपचूप बदल केलास, तर चुकीपेक्षा तो बदलच बातमी होतो.

सूत्रधाराचा प्रश्न मला सगळ्यात नाजूक वाटतो. कानात रोज बोलणारा माणूस आपला वाटू लागतो. डोनाल्ड हॉर्टन आणि रिचर्ड वोल या अभ्यासकांनी १९५६ मध्येच या एकतर्फी जवळिकीबद्दल लिहून ठेवलंय. चळवळीला या जवळिकीचा फायदा होतो, पण उद्या सूत्रधार रुसला तर श्रोते त्याच्यामागे जातात. दोन-तीन आवाज आलटून पालटून ठेव. होस्टिंगचं खातं (जिथे भाग साठवले जातात) आणि फीडमध्ये, म्हणजे ॲपना नवे भाग कळवणाऱ्या यादीत, नोंदलेला ईमेल संस्थेचाच असू दे. बऱ्याच मंचांवर मालकी पटवण्याचा कोड त्याच पत्त्यावर येतो. तो कुणाच्या खासगी खात्यावर असला, तर फूट पडल्यावर कार्यक्रम कुणाचा हे त्या पासवर्डवर ठरतं. ही वाटणी पहिल्या भागाआधीच कागदावर यावी.

आता पाहुण्याचं. आपल्याकडे कुणाला बोलवावं याच्याइतकाच, आपण कुणाकडे जावं याचा विचार कर. स्पेनमध्ये डाव्या विचारांचे पाब्लो इग्लेसियास आणि त्यांचे सहकारी २०१० पासून ‘ला तुएर्का’ हा स्वतःचा चर्चेचा कार्यक्रम चालवत होते. तिथे तयारी झाली, पण इग्लेसियास घराघरांत पोहोचले ते २०१३ पासून उजव्या विचारांच्या वाहिनीवरच्या वादचर्चांत जाऊन बसू लागल्यावर. जानेवारी २०१४ मध्ये त्यांचा पोदेमोस पक्ष स्थापन झाला आणि मे महिन्यात युरोपीय संसदेत त्याचे ५ सदस्य निवडून आले. २०२४ च्या अमेरिकी प्रचारात ट्रम्प लोकप्रिय पॉडकास्टर जो रोगन यांच्यासमोर जवळपास तीन तास बसले, तर कमला हॅरिस नातेसंबंधांवर बोलणाऱ्या ‘कॉल हर डॅडी’मध्ये गेल्या. निकाल या मुलाखतींनी फिरवला की नाही, हा वेगळा वाद. राजकारण टाळणारा श्रोता कुठे भेटतो, हे दोन्ही बाजूंनी ओळखलं होतं. तू जाशील तेव्हा घोषणा घरी ठेवून जा. तास-दोन तासांच्या गप्पांत पाठ केलेलं उत्तर तिसऱ्यांदा आलं की श्रोत्याला लगेच कळतं.

आकड्यांनी फसू नकोस. मापनाच्या रूढ निकषांनुसार किमान ६० सेकंदांचा आवाज उतरला की तो डाउनलोड धरतात, मग कुणी ऐको न ऐको. २०२३ मध्ये ॲपलने आपोआप उतरवण्याची पद्धत बदलली आणि अनेक कार्यक्रमांचे आकडे खाली आले, एकही श्रोता न घटता. त्यापेक्षा भाग किती मिनिटांपर्यंत ऐकला गेला, तो आलेख बघ. पण त्याच्याही आहारी जाऊ नकोस. विरोधकाची टर उडवली की आलेख चढतो, मग पुढच्या भागात टर वाढते, कुंपणावरचे निघून जातात आणि उरलेले आणखी तिखट मागतात. कार्यक्रम असेच नासतात, आणि नासताना आकडे छान दिसत असतात.

तुझे श्रोते म्हणजे जनमत नव्हे. १९३६ च्या अमेरिकी अध्यक्षीय निवडणुकीआधी ‘लिटररी डायजेस्ट’ साप्ताहिकाने लोकांचा कल घ्यायला सुमारे १ कोटी मतपत्रिका पाठवल्या, २० लाखांहून जास्त परत आल्या आणि त्यांनी रूझवेल्टचे प्रतिस्पर्धी लँडन जिंकणार असं सांगितलं. रूझवेल्टनी ४८ पैकी ४६ राज्यं घेतली. मतपत्रिका गेल्या त्या मुख्यतः टेलिफोन आणि मोटारी असलेल्यांच्या याद्यांवरून, त्यातही उत्तरं आली ती उत्तर पाठवण्याची हौस असलेल्यांची. एवढ्या ढिगातूनही देश दिसला नाही. कॉमेंट्स मोजताना हे आठव.

मतं खरोखर हलतात का, हे दारोदारच कळतं. डेव्हिड ब्रुकमन आणि जोशुआ काला या संशोधकांचा २०१६ मध्ये प्रसिद्ध झालेला प्रयोग बघ: मायामीत सुमारे १० मिनिटांच्या, समोरच्याचं ऐकून घेणाऱ्या संवादाने तृतीयपंथीयांबद्दलचा पूर्वग्रह कमी झाला आणि परिणाम किमान ३ महिने टिकला. तुझ्या श्रोत्यांना असल्याच संवादाला पाठव. मोजणी मात्र वेगळ्या कार्यकर्त्यांकडे दे. प्रश्न एकच ठेव, शब्द न बदलता, ० ते १० मध्ये उत्तर, आणि चळवळीचं नाव घेण्याआधी विचारायचा. भेटेल त्याला न विचारता दर पाचवं घर घ्यावं. ज्यांनी दार लावून घेतलं, त्यांचीही नोंद हवी. तीन महिन्यांनी तेच पुन्हा. निवड नीट झाली तरी ४०० जणांच्या पाहणीतल्या टक्केवारीत अधिक-उणे ५ टक्केबिंदूंची चूक धरावी लागते आणि अशा दोन पाहण्यांतल्या फरकात ७ च्या आसपास. म्हणून पाठिंबा ४ टक्क्यांनी वाढला अशी बातमी कुणी बैठकीत आणली, तर टाळ्या पडण्याआधी किती जणांना विचारलं ते विचार.

कळावे, लोभ असावा.